सटवाजीला कुत्रं दिलं त्याची हकिगत

माझा धंदा काय म्हणून कुणी विचारलं तर मी सरळ सांगतो, कुत्री शिकवतो. समोरचा आधी हसतो. मग दोन मिनिटांनी आवाज खाली आणून विचारतो, आमचं कुत्रं पाहुण्यांवर भुंकतं, त्याचं काही होईल का. इतक्या वर्षांत हा क्रम कधी चुकलेला नाही. डॉक्टरला लोक लग्नातही नाडी दाखवतात. मला बारशाला बोलावतात आणि जेवण झालं की हळूच मागच्या अंगणात नेतात.

लष्करात सतरा वर्षं मी कुत्र्यांच्या पथकात होतो. सुरुंग हुंगणारी, पहारा करणारी, माग काढणारी अशी बरीच कुत्री माझ्या हाताखालून गेली. तिथे शिकवणाऱ्याला 'उस्ताद' म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या मधल्या काळात निवृत्त होऊन कळमनुरीला आलो, तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही परभणीत मोडत होतो. घरी बसून करमेना म्हणून लोकांची कुत्री शिकवायला लागलो. गिऱ्हाइकं एकाहून एक. एका आडत्याला असं कुत्रं हवं होतं, जे रात्री जोरात भुंकेल पण त्याची स्वतःची झोप मोडणार नाही. एका गुरुजींचं कुत्रं रोज त्यांच्या मागे शाळेत जाऊन वर्गात बसायचं. ती सवय मी आठवड्यात मोडली. पुढच्याच आठवड्यात गुरुजी कसनुसं तोंड करून आले आणि म्हणाले की आता ते येतच नाही हो, काही करता येईल का.

पण हे सगळं पोटापाण्याचं. ज्याला मी माझं काम म्हणतो, ते सटवाजीपासून सुरू झालं.

हिंगोलीत माजी सैनिकांचा मेळावा होता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर काळा चष्मा लावलेला पस्तिशीचा उंच गडी बसला होता. सेनगावकडच्या साखऱ्याचा सटवाजी, फौजेत नाईक होता. सीमेवर सुरुंग फुटून त्याचे दोन्ही डोळे गेले होते, त्याला आठ वर्षं झाली होती. लग्न ठरलेलं होतं, ते मोडलं. त्याचा थोरला भाऊ ग्यानबा त्याला हाताला धरून घेऊन आला होता आणि स्टेजवर भाषण चालू असताना त्याच्या तोंडासमोर पाण्याचा ग्लास धरत होता. सटवाजीला तहान लागलेली नव्हती, तरी तो पीत होता.

मी कुत्र्यांचा उस्ताद आहे हे कळल्यावर तो माझ्याकडे सरकला. म्हणाला, "उस्ताद, आंधळ्या माणसाला कुत्रं नेतं म्हणतेत. खरं हाय का?"

खरं आहे, मी म्हणालो.

"मग मला एक द्या. मला माझ्या मनानं कुठंबी जाता आलं पायजे. बाकी माझं काही म्हणणं न्हाई."

मी लगेच हो म्हणून बसलो. लष्करात मी एवढी कुत्री तयार केली, हे एक काय अवघड आहे, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर आंधळ्याला नेणारं कुत्रं मी तोवर डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

नांदेडला एक निवृत्त साहेब राहत. त्यांच्याकडून या विषयावरचं एक इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला बसलो. लोकांचा समज असतो की कुत्रं माणसाला नेतं. तसं नसतं. कुठे जायचं ते माणसाने ठरवायचं, डावं-उजवं त्याने सांगायचं. वाटेतला खड्डा, बैल, सायकल बघायचं काम कुत्र्याचं. त्याच्या पाठीवर पट्टा असतो, त्याला एक ताठ दांडी असते आणि त्या दांडीतून कुत्र्याची हालचाल माणसाच्या हातात उतरते. इथपर्यंत समजलं. पुढे पुस्तकात लिहिलं होतं की कुत्र्याला फूटपाथच्या कडेला थांबायला शिकवावं. साखऱ्यात फूटपाथ कुठून आणायचा? मी नालीवर थांबायला शिकवायचं ठरवलं. नाल्या मात्र साखऱ्यात पुस्तकापेक्षा जास्त होत्या.

साहेबांनी लॅब्राडोर जातीचं एक देखणं पिल्लूही दिलं. एप्रिल लागल्यावर ते पिल्लू आमच्या अंगणातल्या हौदात जाऊन बसलं ते जूनपर्यंत बाहेर आलं नाही. 'बस' म्हटलं की पाण्यात बसायचं, 'थांब' म्हटलं की पाण्यात थांबायचं. हुशारीत कसर नव्हती, पण सटवाजीला हौदात जायचं नव्हतं. पिल्लू साहेबांना परत केलं.

मग मी गावरान कुत्र्याच्या शोधात जवळच्या एका तांड्यावर गेलो. त्या लोकांचे वाडवडील बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे, त्यामुळे कुत्र्याची पारख त्यांना आमच्यापेक्षा जास्त. सोमलीबाई नावाच्या म्हातारीकडे वर्षाची एक पांढरट कुत्री होती, चांदी. टाळी वाजवली तरी दचकायची नाही, डोळ्याला डोळा भिडवून बघायची. मी पसंत केली. म्हातारी मला म्हणाली, "हिची माय गुरं राखत होती. ही बी राखते. माणूस राखंल का न्हाई, ते मला ठाव न्हाई." मी मनात म्हटलं, सतरा वर्षं हेच केलंय, आता ही मला शिकवणार. तिच्या बोलण्याकडे मी जरा नीट लक्ष दिलं असतं तर पुढची बरीच शोभा टळली असती.

दांडी सायकलच्या कॅरिअरचा गज वाकवून वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली, पट्टा चांभाराने शिवला. पुस्तकात म्हटलं होतं, शिकवणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांना पट्टी बांधून चालावं. आमच्या सौभाग्यवतीच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधून मी भर बाजारातून निघालो. कुत्र्याला स्वतःची रुंदी उपजत कळते, माणसाची शिकवावी लागते. चांदी केळीची गाडी आणि भिंत यांच्या मधून आरामात गेली. मी गाडीसकट आडवा झालो. चार दिवस आमच्या घरी केळीची शिकरण, केळीची कोशिंबीर आणि नुसती केळी चालली होती. शेजारणीने येऊन बायकोची समजूत घातली की फौजेतून आलेल्या माणसांचं असं होतं, मनाला लावून घेऊ नका. बायको म्हणाली, "हे जायच्या आधीच असे होते."

सात-आठ महिन्यांत चांदी तयार झाली. नालीवर थांबायची, बैलगाडीला वळसा घालायची, माझ्या खांद्याएवढी जागा सोडून चालायची. तिला घेऊन मी साखऱ्याला गेलो आणि शाळेच्या एका रिकाम्या खोलीत मुक्काम टाकला. आता महिनाभरात सटवाजीची आणि तिची जोडी बसवायची, की झालं.

पहिली अडचण कुत्र्याची नव्हतीच, गावाची होती. आपल्याकडे आंधळा माणूस घराबाहेर दिसला की जो तो धावत येऊन त्याचा हात धरतो. कुठे जायचंय हे कुणी विचारत नाही, सरळ मारुतीच्या देवळात नेऊन बसवतात. आंधळ्याला दुसरीकडे काय काम असणार? सटवाजी आठ वर्षांत इतक्या वेळा देवळात बसला होता की पुजारी त्याला घंटेसारखा जमेत धरत होता. एकदा त्याला दाढी करायला जायचं होतं, तर कुणीतरी वरातीत नेऊन उभं केलं आणि त्याने नवरदेवाला आहेर करूनच सुटका करून घेतली. लोक वाईट नव्हते. चांगले होते, हाच त्रास होता.

चांदीला घेऊन तो पहिल्या दिवशी बाहेर पडला आणि पन्नास पावलांत दोघांची ताटातूट झाली. एकाने सटवाजीचा हात धरून त्याला देवळात नेलं. दुसऱ्याने, बिचारं मुकं जनावर म्हणून, चांदीला लिंबाखाली बांधून भाकर घातली. मी पोचलो तेव्हा दोघंही आपापल्या जागी मुकाट्याने बसले होते. शेवटी मी पारावर जाऊन जाहीर केलं की ही कुत्री फौजेच्या पद्धतीने शिकवलेली आहे, सटवाजीच्या अंगाला जो हात लावेल त्याचा हात ती मनगटापासून काढते. चांदीने जन्मात कुणाला ओरखडा काढला नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून रस्ता मोकळा झाला. ग्यानबासुद्धा भावाला जेवायचं ताट लांबून सरकवायला लागला.

सकाळी सगळं झकास चालायचं. मग एका संध्याकाळी सटवाजीने ठरवलं की सडकेपर्यंत एकट्याने जायचं आणि सहाच्या एसटीचा आवाज ऐकून परत यायचं. मी शाळेच्या पायरीवरून बघत होतो. तो ताठ चालत गावाबाहेर पडला. तेवढ्यात समोरून गावची गुरं घराकडे परतायला लागली. चांदी थांबली. कान उभे राहिले. तिच्या आईने, आजीने जे जन्मभर केलं ते तिला एकदम आठवलं असावं. तिने सटवाजीला अर्धा वळसा घालून फिरवला, दोन म्हशींच्या मध्ये नीट बसवला आणि सगळा कळप हाकत गावात आणला. तो 'उजवं, उजवं' म्हणत होता, पण एवढ्या घंटांच्या आवाजात ऐकतो कोण. ती जी थांबली ती थेट ग्यानबाच्या गोठ्यात. सटवाजी एका म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता आणि विचारत होता, उस्ताद, सडक आली का?

ग्यानबाने सगळ्यांदेखत सांगितलं की आता गुरं मोजताना एक जास्तीचं धरत जाऊ. गाव आठवडाभर हसलं. सटवाजीही हसला, पण दुसऱ्या दिवशी बाहेर पडला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. ग्यानबा मला बाजूला घेऊन म्हणाला की उस्ताद, झालं तेवढं बास करा, त्याला आम्ही काय कमी करतो का. मला राग आला आणि लाजही वाटली. चूक माझीच होती. कळमनुरीच्या बाजारात मी तिला गाड्या दाखवल्या, केळी दाखवली, पण दिवेलागणीची गुरं कधी दाखवलीच नाहीत. म्हातारीने अंगणात उभं राहून सांगितलेलं होतं.

दोन दिवस विचार केला. चांदीला माणूस आणि गुरं यातला फरक कसा कळावा? गुरं बोलत नाहीत. आणि सटवाजीही बोलत नव्हता. आठ वर्षं त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याची बोलायची सवयच मोडली होती. 'डावं' म्हणायचा तेही तोंडातल्या तोंडात. मी त्याला बजावलं की नाईक, हाताला दांडी आहे तोवर तोंड बंद ठेवायचं नाही, परेडला हुकूम देता तसा आवाज काढायचा. रोज संध्याकाळी आम्ही तिघं गुरांच्या वाटेवर जाऊन उभे राहायला लागलो. धुळीने नाकातोंड भरायचं. सटवाजी ओरडायचा, चांदी एकदा त्याच्याकडे बघायची, एकदा म्हशींकडे. तीन आठवडे लागले. एका संध्याकाळी सगळी गुरं गेली आणि चांदी जागची हलली नाही. सटवाजीने तिला तिथेच अर्धी भाकर घातली.

एक धडा मात्र अजून बाकी होता, आणि तोच या धंद्यातला सगळ्यात अवघड. लष्करात कुत्र्याने हुकूम पाळला की पास. इथे उलटं. पुढे धोका असेल तर माणसाने दहा वेळा 'चल' म्हटलं तरी कुत्र्याने चालायचं नाही. हे मी चांदीला शिकवलं होतं, सटवाजीला शिकवायला विसरलो. त्यांच्या शेतात एक कठडा नसलेली विहीर होती. बांधाने जाताना तो जरा कडेला सरकला आणि नकळत तिच्याच रोखाने निघाला. विहिरीच्या चार पावलं अलीकडे चांदी त्याच्या पायांत आडवी उभी राहिली. तो म्हणाला, चल. ती हलली नाही. तो पुन्हा म्हणाला, मग ओरडला, मग मागे असलेल्या माझ्याकडे तोंड करून म्हणाला की उस्ताद, ही हुकूम मोडून राहिली, ही कामाची न्हाई. फौजी माणूस, हुकूम मोडल्याचा त्याला खरोखर अपमान वाटला होता. मी एक दगड उचलून त्याच्या पुढ्यात टाकला. दगड खाली जायला बराच वेळ लागला. मग पाण्याचा आवाज आला.

सटवाजी होता तिथेच बसला. चांदीच्या मानेत त्याने तोंड खुपसलं आणि बराच वेळ काढलंच नाही. त्यानंतर ती थांबली की तो तिला 'जी' म्हणायचा. नाईक कुत्रीला 'जी' म्हणतो याची गावात चेष्टा झाली, पण त्याने पर्वा केली नाही.

आता परीक्षा. सेनगावच्या बाजाराला एकट्याने जायचं, पाव किलो चिवडा घ्यायचा आणि परत यायचं. एसटीच्या कंडक्टरने, हे मला मागाहून कळलं, कुत्रीला गाडीत घ्यायला नकार दिला. शेळी असती तर त्याची हरकत नव्हती, कोंबडी असती तर विचारायचंही कारण नव्हतं, पण कुत्र्याचं तिकीट कोणत्या दरात फाडायचं हे त्याला माहीत नव्हतं. जीपवाल्याला असले प्रश्न पडत नसत. त्याने पुढच्या सीटवर पाच माणसं आणि चांदी असं बसवलं आणि वर आणखी दोघांना हाका मारल्या.

सटवाजीने मला शपथ घातली होती की त्या दिवशी मी साखऱ्यातच थांबायचं. मी हो म्हणालो. आणि त्याच्या आधीच्या जीपने सेनगावला जाऊन बसलो. काय करणार, जीव राहीना. बाजारात रस्त्यावर मिरच्यांचे ढीग, उलटसुलट सायकली, मोकाट वळू. काही झालं असतं तर ग्यानबाला काय तोंड दाखवलं असतं? भांड्यांच्या एका दुकानाआड, डोक्यावरून टॉवेल घेऊन, मी उभा राहिलो.

तो जीपमधून उतरला. दांडी धरली. 'उजवं' म्हणाला, आवाज खणखणीत. चांदीने त्याला मिरच्यांच्या ढिगांमधून, सायकलींतून असं आणलं की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. चिवडेवाला समोर दहा पावलांवर होता. एवढ्यात वारा फिरला. चांदीने नाक वर केलं, चिवडेवाल्याला सोडलं आणि शेपूट हलवत सटवाजीला सरळ माझ्यासमोर आणून उभं केलं. मग माझ्या पायांवर बसून वर बघायला लागली, शाबासकीसाठी.

मी श्वास रोखून उभा. सटवाजीने हात पुढे करून माझा टॉवेल चाचपला.

"उस्ताद," तो म्हणाला.

मी काहीतरी पुटपुटलो, की भांडी घ्यायला आलो होतो.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "बाकीचे जवळून हात धरतेत, तुमी लांबून धरून राहिलाव. येवढाच फरक. तुमी माघारी जा, उस्ताद. साखऱ्याला नका जाऊ. तुमच्या घरी जा."

मी गेलो. एक पितळी तांब्या उगाचच विकत घेतला आणि कळमनुरीची गाडी धरली. वाटेत स्वतःशी पुष्कळ भांडलो. एवढं केलं त्याचं हे फळ, असं म्हणून पाहिलं, पण ते मलाच पटेना. माणूस बरोबर बोलला होता. सगळ्या गावाला मी हात धरण्यावरून नावं ठेवली, आणि टॉवेल घेऊन उभा मीच होतो. तो चिवडा घेऊन घरी पोचला की नाही, तेही कळायला मार्ग नव्हता. फोन नव्हते, विचारायला जायची मनाई होती. महिना गेला. बायको रोज म्हणायची की एक पत्र तरी टाका. मी म्हणायचो, ते वाचून दाखवणार कोण, ग्यानबाच ना.

मग एका दुपारी मी ओट्यावर बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशी 'डावं' असा दणदणीत आवाज आला. गल्लीतली कुत्री आधी भुंकली, मग गप्प झाली. चांदी कोपरा वळली, तिच्यामागे सटवाजी, अंगभर धूळ, चष्मा एका कानावर. साखऱ्याहून जीप, सेनगावहून दुसरी जीप, हिंगोलीच्या स्टँडवरून तिसरी जीप धरून कळमनुरी. आणि बरोबर कुणी नाही. मी उठून धावत जाणार होतो, पण पाय आवरले. तो नालीपाशी थांबला, ओलांडून पुढे आला, दांडी खाली ठेवली आणि ओट्यावर बसला.

बायकोने पाणी आणलं, चहा टाकला. मी विचारलं, "काहून आलात? काही काम निघालं का?"

"काम न्हाई. उगंच आलो."

मग त्याने सांगितलं की हिंगोलीत तो चुकला. चांदीने नीट नेलं होतं, यानेच उजवीकडच्या जागी डावं सांगितलं. घंटाभर कुठल्या कुठे फिरला. कुणाची तरी लाकडाची वखार लागली, मग एक पिठाची गिरणी, मग परत तीच वखार. कुणी हात धरला नाही, कारण चांदीला बघून सगळे बाजूला होत होते. शेवटी त्याने स्वतः एकाला थांबवून स्टँड विचारला. "आठ वर्सांत पहिल्यांदा माझ्या मनानं चुकलो, उस्ताद," असं म्हणून तो हसायला लागला. चहा हिंदकळून त्याच्या शर्टावर सांडला, तरी त्याचं हसू थांबेना.

बायकोने मला आत बोलावलं आणि हळूच विचारलं, वाट चुकल्याचं कुणी एवढं हसून सांगतं का, उन्हाने काही झालं तर नाही ना त्यांना? ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग पदराने माझे डोळे पुसले आणि म्हणाली की त्यांच्यासाठी दुसरा चहा टाकते, तुम्ही बाहेर जाऊन बसा.